कळी कधी धरते? रात्रीच्या लांबीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. झाड निरोगी असते, पाने हिरवीगार असतात, खतपाणी वेळेवर होते; परंतु कळी हवी तेव्हा येत नाही किंवा नको तेव्हा येते. पत्रे पॉलिहाऊस असलेल्या शेतकऱ्यांची आहेत, घरात कुंड्या ठेवणाऱ्यांची आहेत आणि एक परदेशस्थ वाचकाचेही आहे. पिके निराळी असली तरी कारण एकच असल्यामुळे उत्तरे एकाच अंकात देत आहोत.

प्रश्न : पुणे जिल्ह्यात आमचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. २०२५ च्या दिवाळीसाठी शेवंतीची रोपे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लावली होती आणि बहुतेक माल वेळेवर आला. २०२६ मध्ये दिवाळी नोव्हेंबरात आहे. लागवड तेवढेच दिवस पुढे ढकलली की पुरे होईल का? शिवाय त्या वेळी दोन-तीन वाफ्यांत काड्या वीतभर झाल्या नाहीत तोच कळ्या धरल्या आणि तो माल वाया गेला. असे का झाले? – एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो.

शेवंती रात्रीची लांबी मोजते. अखंड अंधाराचे तास एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले आणि अशा रात्री लागोपाठ मिळत गेल्या की शेंड्यातील पाने काढण्याचे काम थांबते व तेथे कळी बांधली जाते. बहुतेक जातींसाठी ही मर्यादा दिवसाच्या भाषेत सांगायची तर सुमारे साडेतेरा तासांची आहे. दिवस त्याहून लहान झाला की कळीला वाट मोकळी होते. आता आपल्याकडचा दिवस पाहा. पुण्यात २१ जूनचा, म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. पहाटेचा व तिन्हीसांजेचा संधिप्रकाश त्यात धरला तरी ऐन जूनमध्येही आपण त्या मर्यादेच्या उंबरठ्यावरच घुटमळत असतो. याचा सरळ अर्थ असा की महाराष्ट्रात शेवंतीला कळी न धरता नुसती वाढत राहण्याइतका मोठा दिवस निसर्गतः जवळजवळ कधीच मिळत नाही. काडी उंच हवी असेल तर जून-जुलैतही रात्री दिवे लावावेच लागतात.

हॉलंडमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांपेक्षा मोठा असतो. तेथील उत्पादकाला उन्हाळ्यात दिव्यांची गरज पडत नाही, अंधार करण्याची गरज पडते. आपल्याकडे वाटली जाणारी लागवडीची वेळापत्रके पुष्कळदा त्या मुलखातून आलेली असतात आणि त्यांत उन्हाळी लागवडीसमोर ‘दिवे नकोत’ असे लिहिलेले असते. ते वेळापत्रक जुन्नरच्या अक्षांशावर लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. ज्या वाफ्यांत आपला माल आखूड राहिला तेथे दिवे लागले नव्हते, किंवा लागले असले तरी उजेड रोपांपर्यंत पुरेसा पोहोचत नव्हता, असेच यावरून दिसते.

दिवे लावायचे ते संध्याकाळी दिवस लांबवण्यासाठी नव्हे, तर रात्र मधोमध तोडण्यासाठी. रात्री दहा ते दोन असा चार तास उजेड दिला की एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात आणि झाड दोन्हींतली कुठलीच ‘लांब’ म्हणून मोजत नाही. उजेड फार लागत नाही. रोपांच्या शेंड्याच्या पातळीवर शंभर लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुरतात. मात्र ते शंभर लक्स वाफ्याच्या कोपऱ्यातही मिळाले पाहिजेत. लक्समीटर किंवा मोबाईलमधील साधे मापक घेऊन रात्री एकदा प्रत्येक कोपरा, कडेचा प्रत्येक वाफा आणि दोन दिव्यांच्या मधली जागा तपासावी. आखूड काड्या बहुधा अशाच जागी सापडतात. अर्ध्या तासात दहा मिनिटे दिवे चालू आणि वीस मिनिटे बंद असे टायमरने चार तास फिरवले तरी शेवंतीच्या बाबतीत परिणाम साधारण तोच राहतो आणि विजेचा खर्च एकतृतीयांशावर येतो. पिवळसर उजेडाचा दिवा घ्यावा, कारण या कामी उजेडातला लाल भागच उपयोगी पडतो. रात्रीची वीज बेभरवशाची असेल तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर ही चैन समजू नये. वाढीच्या काळात लागोपाठ काही रात्री दिवे लागले नाहीत तर कळी धरण्याची सुरुवात होते आणि नंतर दिवे लावून ती सुबक रीतीने माघारी फिरवता येत नाही.

आता दिवाळीचा हिशेब. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १८ दिवस पुढे. सण चंद्राच्या गतीने सरकतो आणि शेवंती सूर्याच्या. शेवंतीला तिथी कळत नाही. म्हणून लागवडीची तारीख ‘मागच्यासारखी’ न धरता तोडणीच्या तारखेपासून मागे मोजत यावे. तोडणी ३ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू व्हायला हवी असे धरू. आपली जात रोपवाटिकेच्या यादीत आठ आठवड्यांची म्हणून दाखवलेली असेल, तर लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल तयार होईपर्यंत ५६ दिवस लागतात. म्हणजे रात्रीचे दिवे ८ सप्टेंबरला बंद झाले पाहिजेत. त्याआधी काडीची उंची भरण्यासाठी सुमारे चार आठवडे दिव्याखालची वाढ हवी, म्हणून मुळे फुटलेली रोपे ११ ऑगस्टच्या सुमारास लागली पाहिजेत. शेंडा खुडून फुटवे घ्यायचे असतील तर त्यात आणखी दोन आठवडे धरावेत आणि लागवड जुलैच्या अखेरीस करावी. जात नऊ किंवा दहा आठवड्यांची असेल तर दिवे बंद करण्याची तारीख तेवढी मागे येईल. लागवडीच्या तारखेत चार दिवसांचा फरक पडला तर काडीची उंची थोडी बदलते; पण दिवे बंद करण्याच्या तारखेत चार दिवसांचा फरक पडला तर मालही जवळजवळ तेवढाच पुढेमागे होतो. वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवायची तारीख ही दुसरी आहे. अनेकजण उलटे करतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याचा दिवस सव्वाबारा तासांवर आलेला असतो. नुसते दिवे बंद केले तरी कळी धरेल. परंतु सगळ्या वाफ्यांत एकाच वेळी धरावी आणि तोडणी तीन आठवडे रेंगाळू नये असे वाटत असेल तर पहिले तीन-चार आठवडे काळा पडदाही वापरावा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर त्याची गरज उरत नाही.

प्रश्न : मे महिन्यात माल काढण्यासाठी आम्ही मार्चपासून काळा पडदा टाकतो. संध्याकाळी पाचला माणसे घरी जातात, त्याआधी पडदा ओढून घेतात आणि सकाळी आठला उघडतात. कळ्या धरतात, पण पुढे सरकत नाहीत, आणि फुले वेडीवाकडी उमलतात. औषधांचे फवारे घेऊन पाहिले, उपयोग झाला नाही. – सातारा जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर : फवारे थांबवा, हा रोग नाही, उष्मा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाच वाजता ऊन चांगलेच तापलेले असते. त्या वेळी पडदा ओढला की आतली हवा कोंडते आणि झाड ज्याला रात्र समजते तिचे पहिले दोन-तीन तास दिवसापेक्षाही गरम जातात. शेवंतीला कळी बांधण्यासाठी रात्रीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास मानवते. पडद्याखाली ते ३० अंशांच्या वर गेले की कळी धरायला आणि धरलेली कळी पुढे सरकायला उशीर होतो, कधी आठवडा तर कधी त्याहून बराच अधिक, आणि पाकळ्यांची मांडणीही बिघडते.

अंधाराचे तास थोडे कमी करून त्यांची जागा बदलावी. पंधरा तासांच्या अंधाराची गरजच नाही. तेरा तास पुरतात. संध्याकाळी सातला, म्हणजे ऊन पूर्ण उतरल्यावर, पडदा ओढावा आणि सकाळी आठला उघडावा. पहाटेची हवा थंड असते, त्यामुळे अंधाराचा जादा वेळ सकाळच्या बाजूला काढणे केव्हाही चांगले. शक्य असेल तर रात्री नऊच्या सुमारास, बाहेर पूर्ण काळोख झाल्यावर, बाजूचे पडदे तासभर उघडून वारा खेळू द्यावा आणि पहाटेपूर्वी पुन्हा लावावेत. बाहेरून चंदेरी व आतून काळा असा पडदा नुसत्या काळ्या कापडापेक्षा कमी तापतो. माणसे पाचला घरी जातात ही अडचण खरी आहे आणि ती सोडवायला पैसे पडतात. पण सातला पडदा ओढणाऱ्या एका माणसाची मजुरी फुकट गेलेल्या फवाऱ्यांपेक्षा खात्रीने कमी असेल.

आठवड्याच्या सुट्टीलाही पडदा चुकवू नये. पहिल्या तीन आठवड्यांत चुकलेली प्रत्येक रात्र उशिराच्या खात्यात जमा होते. कळ्यांवर रंग दिसू लागेपर्यंत हा नेम पाळावा, त्यानंतर पडदा बंद केला तरी चालते. पडदा गळका आहे का, हे पाहण्याची सोपी रीत अशी: भर दिवसा पडदा लावून आत जावे, दहा मिनिटे उभे राहून डोळे सरावू द्यावेत आणि मग वर्तमानपत्र उघडावे. मथळा वाचता आला तर पडद्याला भोके आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी जानेवारीत फुलांनी भरलेले कलांचोचे रोप आणले. तेव्हापासून पाने भरपूर, फूल एकही नाही. कुंडी दिवाणखान्यात खिडकीजवळ असते. नाताळात आणलेल्या पॉइनसेटियाचेही तेच. पुन्हा लाल झालाच नाही. खत कोणते द्यावे? – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : खताने हे होणार नाही. आपल्या दिवाणखान्यातील दिवा रात्री साधारण किती वाजता बंद होतो, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. परंतु मुंबई-ठाण्याच्या घरांत तो अकराच्या आधी क्वचितच बंद होतो. सकाळी सहा-साडेसहाला उजाडते. म्हणजे आपल्या कलांचोला ऐन डिसेंबरातही जेमतेम साडेसात तासांची रात्र मिळते. त्याच्या लेखी आपल्या घरात बारमाही उन्हाळा आहे. दुकानात आलेले रोप मात्र रोपवाटिकेत पडद्याखाली कळीवर आणलेले असते, म्हणून ते फुललेले मिळते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून सहा आठवडे रोज संध्याकाळी साडेपाचला कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे आणि सकाळी साडेसातला काढावे. खोक्याच्या फटी आतून काळ्या कागदाने बुजवाव्यात. दिवसा मात्र कुंडी खिडकीतल्या चांगल्या उजेडात हवी, कारण अंधार फक्त इशारा देतो. फूल तयार करण्याचे बळ पानांना उजेडातूनच मिळते. या काळात पाणी कमी द्यावे. कलांचो मांसल पानांचे झाड आहे, त्याला त्याचे काही वाटत नाही. कळ्यांचे गुच्छ स्पष्ट दिसू लागले की खोक्याची गरज संपते. सुरुवातीपासून दहा-बारा आठवडे धरले तर डिसेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत फुले येतील.

नुसत्या शेंड्यावर पिशवी घातली तर चालेल का, असे पूर्वी एका वाचकाने विचारले होते. चालणार नाही. रात्र पाने मोजतात, शेंडा नाही. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे शेवंतीवरच दाखवले: शेंडा लांब दिवसात ठेवून खालच्या पानांना तेवढा लहान दिवस दिला तरी शेंड्यावर कळी धरली. पानांतून शेंड्याकडे काहीतरी संदेश जातो असे अनुमान काढून त्याने त्या अज्ञात द्रव्याला फ्लोरिजेन असे नाव दिले. तो संदेश एका छोट्या प्रथिनाच्या रूपाने पानातून शेंड्यापर्यंत प्रवास करतो, हे पुढे सत्तर वर्षांनी सिद्ध झाले.

पॉइनसेटियाचे लाल दिसते ते फूल नसून फुलाभोवतीची पाने असतात, परंतु ती रंगण्यासाठीही तोच नियम लागतो. त्याची सुरुवात थोडी आधी, सप्टेंबरच्या अखेरीस करावी. नाताळला रंग हवा असेल तर ऑक्टोबरची पंधरा तारीख उलटू देऊ नये. त्याला रोज चौदा तासांचा अंधार आठ ते दहा आठवडे लागतो. हे झाड कलांचोपेक्षा मानी आहे. मधल्या चार-दोन रात्री चुकल्या तर रंग अर्धवट राहतो. घरात एवढा नेम पाळणे जमत नसेल तर रात्री कोणी दिवा लावत नाही अशा खोलीत किंवा रस्त्यावरचा दिवा पोहोचत नाही अशा मागच्या बाल्कनीत कुंडी ठेवणे, हा खोक्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रश्न : कॅनडात एका घरात गांजाची चार झाडे लावण्यास कायद्याने परवानगी आहे. आम्ही तळघरात तंबू लावून तीन झाडे वाढवली आहेत. त्यांना अठरा तास दिवा देत आहोत. फुलोऱ्यासाठी बारा तासांवर केव्हा जावे? एकदा गेलो होतो, पण महिन्याभराने फुलोऱ्यातूनच पुन्हा पाने फुटू लागली. शेजारीच कपडे धुण्याचे यंत्र आहे, त्याचा यात काही संबंध असू शकेल का? – टोरांटोहून एक वाचक

उत्तर : आधी भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजाची लागवड हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड कुंडीत आहे की शेतात, एक आहे की शंभर, याने गुन्हा टळत नाही. कॅनडाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे आणि ओंटारिओ प्रांतात प्रत्येक घराला चार झाडे चालतात. क्वेबेकमध्ये मात्र घरगुती लागवडीस बंदी आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन झाडांची मुभा मिळाली आहे. पुढील उत्तर जेथे परवानगी आहे तेथपुरतेच समजावे.

या झाडाचा येथे विचार करण्यास आणखी एक कारण आहे. झाडे दिवसरात्रीच्या लांबीवरून फुलतात हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, त्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियां तूर्न्वा यांनी आपले प्रयोग याच झाडावर आणि हॉप्सच्या वेलीवर केले होते. दिवस लहान ठेवला की ही रोपे अगदी कोवळ्या वयात फुलतात, हे त्यांनी १९१२ ते १९१४ या काळात प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले.

आता आपला प्रश्न. बारा तासांवर जाण्याचा दिवस झाडाच्या वयापेक्षा तंबूच्या उंचीवरून ठरवावा. रात्र लांब होताच हे झाड लगेच थांबत नाही; उलट पहिले दोन-तीन आठवडे झपाट्याने उंच होते आणि पुष्कळदा दुप्पट होते. दिव्याखालचे सुरक्षित अंतर सोडून जेवढी उंची उरते, तिच्या निम्म्यावर झाड आले की बदल करावा. त्याच सुमारास फांदी व देठाच्या बेचक्यात पहिली लहान फुले दिसू लागली असतील तर झाड वयात आले आहे असे समजावे. तेथे दोन पांढरे केसर बाहेर आलेले दिसले तर झाड मादी आहे. गोल बंद पिशवीसारखी कळी दिसली तर नर आहे, आणि बी धरू द्यायचे नसेल तर ते वेळीच वेगळे काढावे लागते. बदलानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत फुलोरा दिसू लागतो आणि जातीनुसार एकूण आठ ते दहा आठवडे लागतात.

बारा हा आकडा काही मंत्र नाही. अनेक जाती तेरा तासांच्या दिवसातही फुलतात; जात कोणतीही असो, काम व्हावे म्हणून उत्पादकांनी सर्वांना लागू पडेल असा बारा तासांचा नियम ठरवला आहे. ज्या जाती वयानुसार आपोआप फुलतात, त्यांना तर दिवसाच्या लांबीशी काही देणेघेणे नसते आणि त्या अठरा तासांच्या उजेडातही फुलतात. तेव्हा बियाण्याचे पाकीट आधी नीट वाचावे.

फुलोऱ्यातून पुन्हा पाने फुटणे हे मात्र स्पष्ट लक्षण आहे. झाडाला मिळणारी रात्र मध्येच तुटत होती. तळघरात कपडे धुवायला रात्री दहाला कोणी उतरते, दिवा लावते, तंबूच्या चेनीच्या शिवणीतून किंवा हवेच्या नळीच्या तोंडातून उजेड आत जातो आणि झाडाचा तोपर्यंतचा अंधार बाद होतो. शेवंतीच्या शेतकऱ्याला वर सांगितलेली युक्तीच आपल्या घरात नकळत राबवली जात आहे. अर्धवट तुटणाऱ्या रात्रींच्या ताणाने मादी झाडावर नर फुले येण्याचा प्रकारही आढळतो. दिवा बंद असण्याचे बारा तास कपडे धुण्याच्या वेळेशी गाठ पडणार नाही असे ठरवावेत, आणि तंबू बंद करून बाहेरचा दिवा लावून आत बसून पाहावे. डोळे सरावल्यावर ज्या ज्या ठिकाणी ठिपका चमकेल ती प्रत्येक जागा काळ्या चिकटपट्टीने बुजवावी. मंद हिरवा दिवा घेऊन आत डोकावले तर चालते असे म्हणतात. हिरव्या उजेडाचा परिणाम लालपेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरे, पण अजिबात नसतो असे नाही. डोकावण्याचे काम दिवा चालू असतानाच उरकावे. टायमरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. वीज जाऊन आली की जुन्या पद्धतीचे टायमर मागे पडतात आणि रात्र रोज थोडी सरकत जाते.

प्रश्न : कोजागिरीच्या चांदण्याने शेवंतीची कळी लांबते, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. यात तथ्य आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. निरभ्र पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास भरते. शेवंतीची रात्र तोडायला त्याच्या शेकडो पट उजेड लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र दहा-वीस लक्स सहज मिळतात, आणि संशय घ्यायचाच तर त्याच्यावर घ्यावा.

प्रश्न : आमचे सोयाबीन रस्त्याकडेला आहे. चौकात मोठा दिवा बसवल्यापासून त्याच्या खालच्या पट्ट्यात सोयाबीन हिरवेच राहते. बाकीचे शेत पिवळे पडून काढणीला आलेले असते. कोणी म्हणतात जमिनीत दोष आहे. माती तपासावी का? – एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : माती अवश्य तपासावी, पण या कारणासाठी नव्हे. हिरवा पट्टा दिव्याभोवती अर्धवर्तुळाकार आहे का आणि दिव्यापासून दूर जाताना पीक हळूहळू पिवळे होत जाते का, एवढे बांधावर उभे राहून पाहिले की उत्तर मिळेल. जमिनीचा दोष दिव्याच्या आकारात पसरत नाही.

सोयाबीनही लांब रात्रीचे पीक आहे. अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोघांना बिलोक्सी नावाच्या सोयाबीनने असेच कोड्यात टाकले होते: टप्प्याटप्प्याने, आठवड्यांच्या अंतराने पेरले तरी सगळे पीक सप्टेंबरात जवळजवळ एकदमच फुलत असे. मेरीलँड मॅमथ ही तंबाखूची जात उन्हाळ्यात न फुलता नुसती उंच वाढत राही आणि हिवाळ्यात काचघरात मात्र फुले. तापमान, ओलावा, खत असे एकेक कारण बाद करत शेवटी त्यांनी झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, आणि ती फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केल्यावर या विषयाची शास्त्रशुद्ध पायाभरणी झाली. झाडे दिवसापेक्षा रात्र मोजतात हे मात्र १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून कळले. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर त्यांनी लांब रात्री मधोमध क्षणभर उजेड पाडला आणि फुलोरा थांबला.

आपल्या शेतात तेच घडते आहे. ऑगस्टमध्ये बाकीच्या शेताला कळीचा इशारा मिळतो तेव्हा दिव्याखालच्या पट्ट्याला तो उशिरा मिळतो. मग शेंगा उशिरा भरतात, पाने गळत नाहीत आणि काढणीच्या वेळी हिरव्या झाडांचा ओलावा मळणीत शिरून सगळा माल बिघडवतो. ग्रामपंचायतीकडे दिवा काढण्याची मागणी करण्यापेक्षा त्याला शेताच्या बाजूने पत्र्याची झापड बसवून उजेड रस्त्यावर पाडण्याची विनंती करावी. दिवाही राहतो आणि पीकही. तेवढे होईपर्यंत त्या पट्ट्याची काढणी वेगळी करावी आणि तो माल मुख्य राशीत मिसळू नये. पुढील हंगामात त्या तुकड्यावर सोयाबीनऐवजी चाऱ्याचा मका घेतला तर उशिराचा प्रश्नच उरत नाही, कारण चारा आपण दाणे पक्व होण्याआधीच कापतो.